देवाकडे पाय करून

परवा पेणच्या नाक्यावर नवा फलक लागलेला पाहिला. एक सडसडीत मुलगी चटईवर उताणी झोपलेली, दोन्ही पाय सरळ आभाळाकडे, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘पिलाटिस. ताठ कणा, शांत मन. आता आपल्या शहरात!’ शेजारून जोह्याहून आलेला टेम्पो चालला होता, पांढऱ्याफेक, अजून डोळे न काढलेल्या गणपतींनी खच्चून भरलेला. आषाढ लागला होता. भर रस्त्यात छत्री धरून मी त्या फलकाकडे बघत राहिले आणि माझं डोकं असं काही तापलं म्हणता! ‘आता’ म्हणे. अहो, हाच पाय माझ्या आईने याच तालुक्यात नव्वदच्या दशकात वर केला होता. तेव्हा घरात असा गहजब झाला, की तिने कुणाचा खून केलाय असं वाटावं.

त्या क्लासात मी नाव घातलंय. माझीही पाठ आता कुरकुरते. शिकवणारी पोरगी गुणी आहे, माझ्या भाचीच्या वयाची. म्हणते, ‘ताई, पोट आत घ्या, श्वास सोडा, आता मणक्यावर मणका ठेवत सावकाश उठा.’ मी उठते. शेजारच्या चटईवरच्या बाई म्हणतात, ‘हा तास ना, फक्त माझा असतो.’ आनंद आहे. त्यांचा मला राग नाही. राग याचा येतो, की एका बाईला स्वतःच्या अंगाएवढी जमीन मिळायला फलक लागावा लागतो.

आमचं घर पेणजवळच्या जोह्याचं. घर म्हणजे गणपतीचा कारखाना, आणि कारखान्यात उरलेल्या जागेत आम्ही. बाहेर शेतात लावणी चाललेली, आत ओल्या मातीचा, काथ्याचा, रंगाच्या डब्यांचा वास. त्या दिवसांत भाताला पण रंगाचा वास यायचा. सगळं काम जमिनीवर बसून. मांडी घालायची, मूर्ती पुढ्यात ओढायची, घसरू नये म्हणून दोन्ही पावलांच्या मध्ये धरायची आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत वाकून रंगवायचं. मी तेव्हा पेणच्या कॉलेजात होते. सुट्टीच्या दिवशी मूर्तीच्या सोवळ्याचा पिवळा रंग माझ्याकडे असायचा. आखणी मात्र आईची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकी रंग कोणीही भरेल, पण डोळा चुकला तर गिऱ्हाईक मूर्तीला हात लावत नाही. आमच्या कारखान्याचं नाव आईच्या डोळ्यांवर चालायचं, आणि दारावरच्या पाटीवर नाव मात्र थोरल्या काकांचं.

आखणीची आमच्याकडे एक रीत होती. आखणारा श्वास रोखून धरतो. ब्रश टेकण्याआधी छातीत हवा भरायची, आणि बुबुळ, पापणी, भुवई होईपर्यंत सोडायची नाही. रेघ हलता कामा नये. त्या वेळी कारखान्यात कोणी खोकलासुद्धा नाही. लहानपणी आईकडे बघत मीही श्वास धरून बसायची आणि मला गरगरायचं. आई तर दिवसभर, एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर, छातीत हवा कोंडून वाकलेली असायची. यात काही चुकतंय असं आमच्या सात पिढ्यांत कोणाला वाटलं नाही.

मग एका आषाढात आईची पाठ गेली. काही मोठं झालं नाही हो, पाण्याची बादली उचलायला वाकली आणि तशीच राहिली. ‘आई गो!’ एवढंच ओरडली. तिला वाकलेलीच्या वाकलेली उचलून आत आणली.

आणि मग सुरू झाले सल्ले! ज्यांनी आयुष्यात तिला ‘दुखतंय का’ म्हणून विचारलं नव्हतं, ते सगळे एका रात्रीत वैद्य झाले. कोणी निरगुडीचा पाला शेकवला, कोणी मोहरीचं तेल चोळलं. काकांनी कुठूनसा एक पायाळू माणूस आणला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीवर पाय ठेवला की उसण जाते, अशी समजूत. तो आला, दारात पाय धुतले, आणि सगळ्या घरादेखत त्याने आपली टाच आईच्या कमरेवर दाबली. आई कळवळली. काका म्हणाले, ‘उतरंल आता.’ कसलं उतरतंय, कप्पाळ! उलट डावा पायही बधिर झाला.

पेणच्या डॉक्टरांनी पट्टा दिला आणि सांगितलं, पडून राहा. किती दिवस? राहा पडून. मग उठायचं कसं, बसायचं कसं, परत अशी होऊ नये म्हणून काय करायचं, ते कोणी सांगेना. आणि सीझनात पडून राहणं म्हणजे काय, ते गणपतीच्या गावाला विचारा. शेजारच्या खोलीत काका आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगत होते, ‘तिच्याच्यानं आता हुनार नाय. आखनीला हमरापूरचा मानूस बघतो. एकदा बसला की कायमचाच बसवू, दर साली कोन नाचवतंय?’ भिंत कुडाची होती. आईला सगळं ऐकू गेलं. तिने भिंतीकडे तोंड केलं ते दोन दिवस वळवलं नाही. आईला शाळा नव्हती, माहेर उरलं नव्हतं, आवाज तर नव्हताच. एक ब्रश होता. तो गेला असता तर त्या घरात ती चुलीपुढची एक सावली झाली असती. हे आबांना कळत होतं. कळून आबा गप्प बसले, म्हणून काकांपेक्षा मला आबांचा राग जास्त.

माझी एक मैत्रीण रोह्याची. तिचे वडील धाटावला कंपनीत शिफ्टला जायचे. तिने सांगितलं, तिकडे एका साहेबांची बायको आहे, मुंबईला व्यायामाचं शिकून आलेली, मैत्रिणीच्या आईची कंबर तिनेच बरी केली. मी आईला म्हटलं, चल. आई म्हणाली, ‘सीझनात?’ मी म्हटलं, ‘सीझनातच. नायतर फुडचा सीझन तुला नाय मिळनार.’ पेणच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेते असं घरात सांगितलं आणि नेली रोह्याला. ती एसटी, तो रस्ता! पाठ बरी करायला निघायचं आणि नागोठण्यापर्यंतच्या खड्ड्यांत होती तीही मोडून घ्यायची. आई दोन्ही हातांनी पुढच्या सीटचा दांडा धरून अर्धी उभी, आणि कंडक्टर म्हणतोय, ‘बाई, बसून घ्या ना.’

त्या बाई म्हणजे मेधाताई. दिवाणखान्यात सतरंजी पसरलेली. तिच्यावर कंपनीतल्या लोकांच्या चार बायका गुडघे उभे करून झोपलेल्या. आईने दारातूनच माझा हात मागे ओढला. पण मेधाताईंनी घाई केली नाही. विचारलं, ‘तुम्ही काम काय करता?’ आईने सांगितलं. ‘करून दाखवा.’ आई जमिनीवर टेकली, हवेत नसलेला ब्रश धरला आणि नसलेल्या गणपतीचा डोळा काढायला लागली. मेधाताई तिच्या पाठीला हात लावून बसल्या.

‘श्वास कुठे गेला?’

‘धरलाय,’ आई म्हणाली. ‘नायतर रेघ हालंल.’

‘दिवसभर असाच धरता?’

‘व्हय.’

‘अहो, मग पाठीने काय करायचं? ती दिवसभर मूठ आवळून बसली आहे. पोटाने धरायचा भार तुम्ही सगळा कमरेवर टाकलाय.’ मग त्यांनी तिला झोपवलं. गुडघे उभे. बेंबी जमिनीकडे ओढायची, श्वास तोंडाने सोडत एक पाय उचलायचा, सावकाश. कंबर उचलायची ती एकदम नाही, शेवटच्या मणक्यापासून एकेक मणका सोडवत, आणि खाली येताना तसाच एकेक टेकवत. लुगड्याचं काय, म्हणून त्या थोड्या अडखळल्या, तर आई म्हणाली, ‘काष्टा हाय की. लावनी करतो आमी, याला काय हुतंय!’ त्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

मेधाताईंनी त्या व्यायामाचं नाव सांगितलं होतं, काहीतरी परदेशी. आईला ते कधी म्हणता आलं नाही, माझ्याही लक्षात राहिलं नाही. आम्ही त्याला ‘रोह्याचं’ म्हणायचो. ‘रोह्याचं केलंस का?’ ‘रोह्याचं करून येते.’ त्याला पिलाटिस म्हणतात हे मला तो फलक बघून आणि पहिल्या दिवशी चटईवर झोपून कळलं. पोट आत, श्वास बाहेर, मणका मणका. तेच सगळं. तिथेच झोपल्या झोपल्या माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पोरीला वाटलं मला कुठे चमक भरली.

पुढे रोह्याच्या अशाच फेऱ्या चालू राहिल्या. एकदा परतताना अंबा नदीला पूर आला आणि एसटी नागोठण्याच्या स्टँडवर अडकली. बाकड्यावर बसून बसून आईची कंबर धरली. ती उठली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि हनुवटी छातीकडे घेत हळूहळू वाकली, पार हात जमिनीकडे लोंबेपर्यंत. मग तशीच मणका मणका करत वर. शेजारी मासळीची पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती. म्हणाली, ‘काय गो बाय, काय हारवलं?’

‘पाठ हारवली हुती,’ आई खालूनच म्हणाली. ‘गावली.’

म्हातारी खदखदून हसली. मग म्हणाली, ‘माजी पन बघ की कुटं गावतं काय.’ आईने तिला भिंतीशी उभी केली. पाणी उतरेपर्यंत त्या दोघी नागोठण्याच्या स्टँडवर वाकत होत्या, उठत होत्या, आणि पानाच्या गादीवरचे टवाळ ‘कवायत बघा, कवायत’ म्हणून दात काढत होते. काढा मेल्यांनो! तुमच्या आया-बायका वाकून वाकून मोडल्या तेव्हा नाही तुम्हाला हसू आलं.

काय झालं त्या व्यायामाने? फलकावर लिहिलंय तेच झालं, फक्त आमच्याकडे ते कळायला फलक नव्हता. आधी पायाची बधिरता गेली. मग एक दिवस आई कुशीवर न वळता सरळ उठून बसली आणि स्वतःच दचकली. मान वर आली. खांदे कानांपासून खाली उतरले. रात्री झोप लागायला लागली. पूर्वी कामाच्या तडाख्यात ती आमच्यावर वसकन ओरडायची, तेही कमी झालं. मी विचारलं, ‘पडल्या पडल्या तुझ्या डोक्यात काय येतं गो?’ म्हणाली, ‘काय नाय येत. पोट आत हाय का, पाय सरळ हाय का, श्वास सुटला का, एवडंच. तेवडा वेळ मी कोनाचीच नसते बघ. ना सून, ना बायको, ना तुमची आई.’ मनःशांतीवर पुष्कळ व्याख्यानं ऐकली मी नंतर, फराळासकट. याच्यापुढे कोणी गेलं नाही.

आणि आखणी! थोडं थोडं बसून ती परत काम करायला लागली तेव्हा तिने श्वास धरायचं सोडलं. ब्रश टेकला की हळूच श्वास सोडायची आणि त्या सुटत्या श्वासावर पापणी ओढायची. रेघ हलली नाही. उलट अशी निवांत उतरली, की काकांनी मूर्ती उचलून उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी बघितली, आणि जपून खाली ठेवली.

इथे सगळं गोड व्हायला हरकत नव्हती. पण मेधाताईंनी एक बजावलं होतं: आखणीला बसायचं तर मधूनमधून उठून सतरंजीवर आडवं व्हायचं आणि व्यायाम करायचा, नाहीतर पाठ परत धरेल. आणि श्रावणात आमच्या घरातली जमीन रोज कमी होत जायची. आधी शेड भरली, मग पडवी, मग मधली खोली. वाळलेले गणपती, रंगलेले गणपती, खडे लावायचे गणपती. आई सतरंजी घेऊन त्यांच्यापुढे मागे सरत होती. मग स्वयंपाकघर, चुलीपासून जरा लांब, मोरीला डोकं लावून. तिथेही एक दिवस फळ्या आल्या. उरली कारखान्यातली, तिच्या आखणीच्या जागेशेजारची पट्टी. एका बाईपुरती. तिथे ती झोपली आणि पाय वर केला.

काकांनी बघितलं. थोरले काका आईशी कधी थेट बोलत नसत. ती समोर असली तरी आबांना सांगत, आणि तीही त्यांना उत्तर देत नसे. थोरला दीर आणि भावजय, तसलीच रीत होती. ते आबांना म्हणाले, ‘तिला सांग, देवाला पाय लागतात.’

देवाला! मी तिथेच होते, हातात पिवळ्या रंगाची वाटी. माझं रक्त उसळलं. सारा कारखाना मूर्ती पावलांत धरून रंगवतो, तेव्हा पाय लागत नाही? आदल्या दिवशी फळी कोसळून मूर्तींचा चुरा झाला तेव्हा हेच काका म्हणाले होते, ‘प्राणप्रतिष्ठा हुईपर्यंत मातीच ती, भरा घमेल्यात.’ भरली होती आम्ही. एका परक्या पुरुषाची टाच माझ्या आईच्या कमरेवर चालली, आणि माझ्या आईची टाच हवेत चालत नाही! मी हे सगळं बोलले, काकांच्या तोंडावर बोलले. घरातल्या मुलीने असं बोलायचं नसतं. आबांनी ‘गप गो’ म्हटलं. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुन्हा आबांनाच म्हणाले, ‘तिला सांग, ही थेरं करायची तर आखनी सोडायची. उद्या हमरापूरचा मानूस येतोय.’

आज आई पंचाहत्तरीला टेकली आहे आणि माझ्यापेक्षा ताठ चालते. जोह्याला गेले की मला म्हणते, ‘कुबड काढून काय बसलीस?’ त्या सालानंतर कितीतरी सीझन तिने आखणी केली, डोळे अंधुक होईपर्यंत. लोक म्हणतात, नशीबवान, प्रकृती चांगली लाभली. लाभली नाही हो. लाभायला ती काय लॉटरी आहे? तिने ती मिळवली, आणि मिळवताना घरातलं एकही मोठं माणूस तिच्या बाजूने उभं राहिलं नाही, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पोरींना आज कोणी ताठ कण्याबद्दल सांगायला लागलं की मला ती पट्टी दिसते आणि तिच्यावर झोपलेली माझी आई.

त्या दिवशी ती उठली नव्हती. काकांचं बोलणं होईपर्यंत पाय तसाच वर होता, पाऊल ताणलेलं, काष्टा घट्ट. आबा काहीतरी पुटपुटायला लागले, तर तिने मान त्यांच्याकडे वळवली नाही. ती थेट काकांकडे बघून बोलली. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

‘भाऊजी, मला पाय वर कराया लागतो. तुमाला देव दिसत असतील तर देवांची तोंडं तिकडं फिरवा. मी काय हालनार नाय.’

कारखान्यातले सगळे ब्रश थांबले. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. आईने श्वास सोडला, तो पाय सावकाश खाली ठेवला आणि दुसरा उचलला.

काकांनी फळ्यांकडे बघितलं. चतुर्थी तोंडावर आली होती, ओळीच्या ओळी डोळ्यांवाचून खोळंबल्या होत्या, आणि उजेडात धरून बघितलेली ती पापणी त्यांनाही माहीत होती. शेवटी ते वाकले आणि पहिल्या फळीवरची मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग दुसरी. मग आबा उठून त्यांच्या मदतीला गेले. दोघे भाऊ गणपती फिरवत राहिले. आई पाय बदलत राहिली. त्यांच्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

मी मात्र वाटी धरून उभीच होते. मला अजून पुष्कळ बोलायचं होतं, दोघांनाही. वाटीतला रंग हातावर सांडला होता. आईने डोकं न उचलता माझ्याकडे बघितलं आणि सतरंजीवर जरा सरकून शेजारी जागा केली.

‘राग मग कर गो,’ ती म्हणाली. ‘आदी हितं येऊन पाठ टेक. दिवसभर वाकून बसलीयस.’

मी वाटी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी झोपले.